राणादासाठी रडणाऱ्या मावशी

संध्याकाळचे साडेसात वाजत आले की माझ्या दवाखान्यातली बाकडी आपोआप रिकामी व्हायची, असा एक काळ आम्ही कोल्हापुरात पाहिला आहे. खोकला, गुडघेदुखी, रक्तदाब हे सारे आजार एक तर साडेसातच्या आत आटोपायचे, नाहीतर आठनंतर उगवायचे. कंपाउंडर हसून म्हणायचा, "साहेब, आता राणादा सुटी देईल तेव्हाच पेशंट येतील."

ऑक्टोबर २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये संपली. करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात तिचे चित्रीकरण होत असे. त्यामुळे आपल्याकडे ती नुसती मालिका राहिली नाही, गावकीतली गोष्ट झाली. हार्दिक जोशी यांनी साकारलेला पैलवान राणा आणि अक्षया देवधर यांनी साकारलेली शिक्षिका अंजली, म्हणजे पाठकबाई, ही दोघे घरातलीच माणसे वाटू लागली. लोक मुलाबाळांना घेऊन वसगड्याचा वाडा बघायला जात. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये या दोन कलाकारांचे खरोखरचे लग्न झाले, तेव्हा माझ्या दवाखान्यात एका आजीबाईंनी पेढे वाटले. "आमच्या राणाचं परत एकदा लगीन झालं," असे त्या सांगत होत्या.

आधीच कबूल करतो, मीही या मालिकेचा चाहता होतो. आमच्या सौ.ना सांगायचो की पेशंट काय बघतात ते डॉक्टरला माहीत असायला हवे. ते खरे कारण नव्हते. मला राणादा आवडायचा. तेव्हा आजचा हा लेख एका चाहत्याचाही आहे आणि एका डॉक्टरचाही. चाहत्याचे म्हणणे असे की मालिकेतल्या माणसांवर जीव लावणाऱ्यांना हसू नये. डॉक्टरचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे, आणि ते मी एक चूक करून शिकलो.

मी केलेली चूक

२०१९ सालची गोष्ट. ऑगस्टचा महापूर येऊन गेला होता. त्याच वर्षी मालिकेत राणादा गेला असे दाखवले आणि मग हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा राजा राजगोंडा आला. दिवाळीनंतर एके दिवशी पंचगंगेकाठच्या एका गावातल्या मावशी तपासायला आल्या. वय साठीच्या घरात, मधुमेह आठ-दहा वर्षांचा, पती निवर्तलेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उपाशीपोटी साखर अडीचशेच्या वर गेलेली.

"काय होतंय मावशी?"

"काय सांगू डॉक्टर, राणा गेला तवापासनं जेवाण ग्वाड लागंना. राती डोळ्याला डोळा लागंना. आता तसाच दिसणारा आलाय खरं, पर माझं रडू थांबंना झालंय बघा."

मी हसलो. कंपाउंडरही हसला. मी म्हणालो, "अहो मावशी, ते सगळं खोटं असतं. उगाच डोक्याला ताप. महिनाभर मालिका बंद करा, साखर आपोआप खाली येईल." मधुमेहाच्या गोळ्या वाढवून दिल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. सारे मिळून चार मिनिटे लागली असतील.

मावशी गुणी पेशंट. त्यांनी डॉक्टरचे ऐकले. केबलवाल्याला सांगून जोडणीच काढून टाकली. महिन्याभराने शेजारच्या बाई त्यांना धरून घेऊन आल्या तेव्हा त्यांचे वजन चार किलोंनी उतरले होते, साखर आणखी चढली होती आणि गोळ्यांचे पाकीट जवळजवळ तसेच होते. आता त्या रडतही नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

मग मात्र मी दार लोटून घेतले आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. "मावशी, पुरात तुमचं काय झालं?"

घराची मागची भिंत बसली होती. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. घरात त्या एकट्या आणि त्यांची दुभती म्हैस. रात्री पाणी चढले तेव्हा पोरांनी त्यांना नावेत घातले, पण म्हशीचे दावे सोडायला वेळ मिळाला नाही. आठ दिवस शाळेच्या खोलीत काढले. परत आल्यावर पंचनामा, चिखल उपसणे, कागद वाळवणे. "गावात माझ्यापेक्षा कितीतरी जणांचं जास्त गेलं, डॉक्टर. मी म्हशीसाठी कुठं रडत बसू? लोक काय म्हणतील? पोराचा फोन आला की म्हणायची, चालतंय की." मग थोडे थांबून म्हणाल्या, "टीव्हीत समदी राणासाठी रडायला लागली, आणि मला बी रडू फुटलं. ते खोटं हाय ह्ये मला बी कळतंय की. पर माझं रडू खरं हाय न्हवं?"

वाचकहो, वैद्यकीच्या कुठल्या पुस्तकाने मला इतके नेमके शिकवलेले नाही. राणादा गेला म्हणून मावशी आजारी पडल्या नव्हत्या. त्या आधीपासूनच दुःखात होत्या. ते दुःख बाहेर पडायला राणादाने एक वाट करून दिली होती आणि मी ती वाट बुजवून टाकली.

खोटे माहीत असूनही

"खोट्या माणसांसाठी रडतात, कसली ही माणसं!" असे म्हणणारे घरोघरी भेटतात. त्यांना आपल्याच गावाची एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट आणला. त्यातले कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटू लागले की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही १९२९ साली इथलाच. रंगवलेले पडदे, लाकडी मुकुट, खोट्या दाढ्या कशा बनतात हे कोल्हापूरकरांनी जितके जवळून पाहिले तितके फार थोड्या गावांनी पाहिले असेल. तरी आपण शंभर वर्षे पडद्याकडे बघून रडतो आहोत. खोटे माहीत असणे आणि मन हलणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात.

मनाच्या अभ्यासकांनी याकडे फार पूर्वीच लक्ष दिले. १९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोघांनी असे मांडले की पडद्यावरचा माणूस रोज ठरलेल्या वेळी आपल्या घरात येतो, आपल्याकडे बघून बोलतो, आणि हळूहळू आपले त्याच्याशी एक नाते जुळते. हे नाते एकाच बाजूचे असते. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. पण आपल्या बाजूने पाहिले तर माया, काळजी, राग हे सारे तिथे असते.

आपल्याकडे याचा पहिला मोठा अनुभव १९८४ साली सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेने दिला. भागाच्या शेवटी अशोक कुमार दोन शब्द बोलत. त्या मालिकेला प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. पत्र लिहायचे म्हणजे कागद, पाकीट, तिकीट, पोस्टाची पेटी. एवढी खटपट माणूस परक्यासाठी करत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सारे एकट्यादुकट्या बायकांचे दुखणे आहे. तेही खरे नाही. एकटेपणा आणि पडद्यावरच्या माणसांची ओढ यांचा सरळ संबंध असावा असे अभ्यासकांनाही आधी वाटत होते. १९८५ साली एका अभ्यासात तो तपासला तेव्हा तसा संबंध मिळाला नाही. भरल्या घरातली माणसेही तितकीच गुंततात. २००७-०८ मध्ये अमेरिकेत मालिकालेखकांचा संप झाला आणि नवे भाग बंद पडले. तेव्हा महाविद्यालयातल्या मुलामुलींची पाहणी झाली. आवडत्या पात्राशी ज्याचे नाते जितके घट्ट, तितकी त्याला चुटपुट जास्त, असे त्यात दिसले.

आणि पुरुषमंडळींचे काय? खासबाग मैदानात आपला पैलवान चीतपट झाला की दोन दिवस जेवण न जाणारे गृहस्थ मला माहीत आहेत. क्रिकेटचा सामना हरल्यावर रक्तदाब वाढवून घेतलेलेही आहेत. त्यांना कुणी वेडे म्हणत नाही. मग बाईने अंजलीसाठी डोळे पुसले तर हसायचे का?

आम्हाला राणा का आवडला

चाहता म्हणून थोडे बोलतो. राणा आणि अंजली यांच्या नात्यातली गोडी बोलण्यात नव्हती. तो अंगाने डोंगराएवढा, मनाने लाजरा, शब्दाचा दरिद्री. काहीही विचारा, त्याचे उत्तर एकच, "चालतंय की." ती शिकलेली, बोलकी. पण त्या दोन शब्दांत आज होकार आहे, रुसवा आहे की दुखावलेपण आहे हे तिला कळत असे. मालिकेचे जे भाग मला आवडले ते या कळण्याचे होते.

जे आवडले नाही तेही सांगतो. गोष्ट संपत आली की तिला पुन्हा ओढायचे, एक कारस्थान उघडे पडले की दुसरे रचायचे, नंदिता वहिनीसाहेबांनी कितीही छळले तरी घरातल्यांनी पुढच्या आठवड्यात ते विसरायचे, मेलेला माणूस दुसऱ्या नावाने परत आणायचा. प्रेक्षकाच्या मायेचा असा वापर करू नये असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते. ज्यांच्या घरात नुकतेच कुणी गेले आहे त्यांच्यापुढे मरण असे खेळवले जाते, तेव्हा त्यांचे काय होत असेल याचा विचार लेखकांनी करायला हवा. खऱ्या आयुष्यात गेलेला परत येत नाही, आणि हे पचवायला माणसाला वेळ लागतो.

पण "चालतंय की" हे उत्तर मालिकेने शोधून काढलेले नाही. ते आपलेच आहे. माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येते. "छातीत दुखतंय का?" "चालतंय की." "झोप लागते का?" "चालतंय की." ऊस अडकला, पाऊस लांबला, पूर आला, पोरगा दूर गेला, सगळ्याला एकच उत्तर. या दोन शब्दांनी कोल्हापूरच्या माणसाला अनेक संकटांतून उभे ठेवले आहे, हे मी नाकारत नाही. पण याच दोन शब्दांखाली कितीतरी आजार महिनोन्महिने लपून राहतात हेही मी रोज पाहतो.

एकटेपणाची किंमत

मनात साठलेले दुःख शरीरात उतरते, हे आता नुसते आजीबाईंचे म्हणणे राहिलेले नाही. सततच्या ताणाने शरीरात काही संप्रेरके वाढतात आणि त्यांच्यामुळे साखर आणि रक्तदाब चढतात. झोप मोडते. जेवणाच्या वेळा बिघडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाला औषध घ्यावेसेच वाटत नाही. मावशींच्या पाकिटातल्या गोळ्या तशाच राहिल्या होत्या त्या विसरल्या म्हणून नव्हे. "कुणासाठी घ्यायच्या?" असे त्यांना वाटत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एकटेपणावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि त्यापायी वर्षाला आठ लाखांहून अधिक मृत्यू होत असावेत, असा त्यातला अंदाज आहे. हे वाचून मला दिल्ली-मुंबई आठवली नाही, आपली गावे आठवली. पोरे पुण्याला, नाहीतर त्याहून लांब. घरात म्हातारी, टीव्ही आणि महिन्याची औषधे.

१९८७-८८ साली दूरदर्शनवर 'रामायण' लागायचे तेव्हा गल्लीत एखादाच संच असे. तीस-चाळीस माणसे एकत्र बसत. मालिका संपली की अर्धा तास तिच्यावर चर्चा चाले. आता घरात दोन संच आणि चार मोबाइल. सासू एका खोलीत एक मालिका बघते, सून दुसरीत दुसरी, नातू मोबाइलवर तिसरीच. प्रत्येकाचे रडू आपापल्या खोलीत. आरोग्याच्या दृष्टीने बिघडले असेल तर ते इथे. मालिकेपेक्षा ती एकट्याने बघणे मला अधिक काळजीचे वाटते.

आता काही पथ्ये

डॉक्टरने लेख लिहायचा आणि पथ्य सांगायचे नाही, हे कसे चालेल? तेव्हा ध्यानात ठेवण्यासारख्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट जेवणाची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मालिकेसाठी जेवण लांबवू नये. गोळी घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी 'हा भाग संपू दे' म्हणू नये. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ खावा. चिवडा, शेव, फरसाण यांचे ताट टीव्हीसमोर घेऊन बसू नये. लक्ष पडद्यावर असले की हात किती वेळा ताटात गेला ते कळत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये. रक्तदाबवाल्यांनी हे विशेष पाळावे.

दुसरी गोष्ट बसण्याची. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला बारा मिनिटे अशी जाहिरातींची मर्यादा आहे. जाहिरात लागली की उठावे आणि घरातल्या घरात येरझारा घालाव्यात. दोन मालिका बघितल्या तर दहा-बारा मिनिटे चालणे सहज होते. मोकळ्या हवेतल्या फिरण्याची बरोबरी याने होणार नाही, पण पायांना आलेली रग उतरते.

तिसरी गोष्ट झोपेची. ज्या भागात मारामारी, मरण किंवा मोठे भांडण आहे तो झोपण्याच्या तोंडावर बघू नये. मोबाइलवर राहिलेले भाग एकामागून एक बघत मध्यरात्र करणारे तरुण पेशंट अलीकडे वाढले आहेत. त्यांना मी 'रोज एकच भाग, तोही रात्री दहाच्या आत' असा डोस लिहून देतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मालिका बघून डोळ्यांत पाणी येणे हा आजार नाही. पण सलग दोन आठवडे मन उदास असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, 'जगून काय करायचे' असे बोलणे तोंडी येत असेल, तर मात्र ते नैराश्य असू शकते. त्याला औषध आहे, आणि ते गुण देते. आपल्या डॉक्टरांना सांगावे, सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवावे. ते जमत नसेल तर सरकारच्या 'टेलिमानस' या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. 'जगावंसं वाटत नाही' असे कुणी बोलून दाखवले तर ते मनावर घ्या. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मावशी आज

मावशींना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. काही महिने गोळ्या चालल्या. मुलाला फोन करून मी सारे सांगितले. तो दर पंधरवड्याला येऊ लागला. आणि केबलची जोडणी परत घ्यायला लावली, मात्र एका अटीवर. मालिका एकटीने बघायची नाही. शेजारच्या दोघीतिघी साडेसातला त्यांच्याकडे येऊ लागल्या. आधी मालिकेतल्या भांडणांवर बोलणे व्हायचे, मग आपापल्या घरच्या. एके दिवशी त्यांच्यापुढे मावशी म्हशीसाठी पोटभर रडल्या, असे त्या शेजारणीनेच मला सांगितले. औषधाने गुण आला की शेजारणींनी, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. दोन्ही लागले. साखर मात्र चार महिन्यांत आटोक्यात आली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणे थांबली आणि नवे भाग बंद झाले. तेव्हा मला मावशींची काळजी वाटली आणि मी फोन केला. त्या म्हणाल्या, "राणा नसला तर नसू दे. आम्ही अंतरावर बसून बोलतोय की."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात आई, सासू, आत्या कुणी मालिका बघून डोळे पुसत असेल तर हसू नका. रिमोट हिसकावून घेऊ नका. माझ्यासारखे 'बंद करा' म्हणून मोकळेही होऊ नका. जाहिरात लागेपर्यंत शेजारी बसा आणि मग विचारा, "आणि तुझं कसं चाललंय?" उत्तर बहुधा "चालतंय की" असेच येईल. तेवढ्यावर उठू नका. पाठकबाईंसारखे थोडे थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.